कुकरच्या शिट्टीखालचं वाक्य

दर वर्षी पहिल्या तासाला कुणीतरी विचारतंच, "मॅडम, या कोर्समध्ये नक्की काय असतं?" मी लोणी काळभोरच्या बाजूला एका कॉलेजात संशोधन लेखन शिकवते. मागच्या बाकावरून लगेच दुसरा प्रश्न येतो, बाहेर जाऊन लोकांना भेटायचं कंपल्सरी हाय का? वर्ग हसतो. मी फळ्यावर लिहीत जाते. एका वाक्यात मावेल असा प्रश्न. त्यासाठी वाचन, टिपणं. एका माणसाची मुलाखत. मसुदा. मग त्या माणसाला पुन्हा भेटून मसुदा वाचून दाखवायचा, तो सांगेल त्या दुरुस्त्या करायच्या. शेवटी तळटिपा, संदर्भसूची. मुलं उतरवून घेतात. फेरभेटीच्या ओळीखाली मी रेघ मारते आणि सांगते, यातून कुणालाही सूट नाही. का, ते सांगत नाही. ते सांगायचं तर माझ्याच दुसऱ्या वर्षाबद्दल बोलावं लागेल, आणि इतक्या वर्षांत मला ते वर्गात उभं राहून जमलेलं नाही.

मी यवतमाळजवळच्या एका गावातून पुण्यात शिकायला आले. हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात मी कुणाला तरी "मी जेवून राहिली" म्हणाले आणि खोलीभर हशा पिकला. कुणी वाईट हेतूने हसलं नव्हतं. पण मी त्या दिवसापासून आधी मनात वाक्य जुळवून मग तोंड उघडायला लागले. दुकानदार, ग्रंथालयातल्या बाई, बसमधले म्हातारे कसे बोलतात ते ऐकायचे आणि रात्री अंथरुणात पुटपुटायचे. दुसऱ्या वर्षापर्यंत मी कुठली ते कुणाला ओळखू येईनासं झालं. पुढे जे झालं त्याचं मूळ मला तिथे दिसतं. सुंदर वाक्य बोलणं, त्याहून सुंदर वाक्य लिहिणं, यापलीकडे मला त्या वयात काही मोठं वाटत नव्हतं.

दुसऱ्या वर्षाला संशोधन लेखन हा विषय होता. शिकवणाऱ्या मॅडम पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, आवाज न चढवता वर्ग गप्प करणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, "या विषयात तुम्हाला काय वाटतं, हे मी विचारणार नाही. तुम्हाला कसं कळलं, एवढंच विचारीन." आम्हाला ते फार कोरडं वाटलं. आम्ही कल्पना केली होती ती मोठमोठ्या पुस्तकांची, अवघड शब्दांची. इथे पहिले तीन आठवडे नुसता प्रश्न घासण्यात गेले. मी पहिल्यांदा लिहून नेलं, 'पुणे शहरातील प्रवासी जीवन.' मॅडमनी कागद परत करत विचारलं, "हा विषय आहे की जिल्हा?"

प्रश्न सापडला तो योगायोगाने. माझी खोलीतली मैत्रीण सांगलीची. तिला सोडायला मी स्वारगेटच्या एसटी स्टँडवर गेले होते. फलाटावर गाड्यांची घोषणा चालू होती, यंत्रातून आल्यासारख्या सपाट आवाजात. मैत्रीण म्हणाली की ती लहान असताना इथे एक बाई बोलायच्या, त्यांच्या तोंडून 'सांगली' ऐकलं की तिला घरी पोचल्यासारखं वाटायचं. दुसऱ्या दिवशी मी प्रश्न लिहून दिला: स्वारगेटला गाड्यांची घोषणा करणारं माणूस ते काम कसं करत असे? मॅडमनी दोनदा वाचलं. "चला. आता माणूस शोध."

चौकशीच्या खिडकीतल्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहून आधी कपाळाला आठ्या घातल्या, पण पत्ता दिला. त्या बाई निवृत्त होऊन विश्रांतवाडीला मुलाकडे राहत होत्या. मी फोन केला तेव्हा पलीकडून आलेला आवाज इतका स्वच्छ होता की मी नकळत सरळ बसले. "जेवायलाच ये," त्या म्हणाल्या. "बोलणं लांबेल."

काकू ठेंगण्या, जाड काचांचा चष्मा लावणाऱ्या. मुलगा-सून कामाला गेलेले. त्यांनी माझ्यासाठी भात-वरणाचा कुकर लावला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशीच बसल्या. मी मोबाइल दोघींच्या मधोमध ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. त्या बोलायला लागल्या आणि मी प्रश्नांचा कागद विसरून गेले. वाचता न येणाऱ्या बाया कशा फक्त त्यांच्या आवाजावर गाडीत चढायच्या. तोंडात ज्येष्ठमधाची काडी धरून त्या कशा कामाची पाळी काढायच्या. "लवकर चढा" हे शब्द त्यांनी कधीच उच्चारले नाहीत, कारण लोक धावतात आणि पडतात. एकदा त्यांच्याकडून फलाटाचा आकडा चुकला आणि तीसेक माणसं पोरंबाळं, बोचकी घेऊन पलीकडे पळाली. "नंतर मी त्यांची माफी मागितली माइकवर. साहेब रागावले, म्हणाले असं करायचं नसतं. मी म्हटलं, चुकीची सूचना माइकवर दिली तर माफी काय कानात सांगायची?"

मालक, म्हणजे काकूंचे यजमान, त्याच आगारात होते, कार्यशाळेत, गाड्यांचे पत्रे ठोकायच्या कामावर. वर्षभरापूर्वी वारले होते. मी विचारलं की दोघंही एकाच ठिकाणी कामाला, तर घरी काय बोलणं व्हायचं? काकू हसल्या. मग म्हणाल्या, "आमचं घरात बोलणं नव्हतंच," आणि त्याच क्षणी कुकरने शिट्टी दिली. चांगली लांबलचक. काकू बोलतच होत्या, उठून गॅस बारीक करतानाही बोलत होत्या. मी मान हलवत होते. ऐकू काहीच आलं नव्हतं. परत आल्या तेव्हा त्या नातवाच्या शाळेबद्दल बोलायला लागल्या, आणि "पुन्हा सांगता का?" असं म्हणणं मला अवघड वाटलं. त्यांनी इतकं मनापासून सांगितलेलं आपण ऐकलंच नाही, हे कबूल करायची लाज.

मॅडमचा नियम स्पष्ट होता. रेकॉर्डिंग शब्दन् शब्द उतरवायचं. जिथे ऐकू येत नाही तिथे टिंबं द्यायची आणि फेरभेटीत विचारायचं. अंदाज करायचा नाही. मी हॉस्टेलवर इअरफोन घालून ती जागा दहा वेळा ऐकली. 'आमचं घरात बोलणं नव्हतंच', आणि पुढे शिट्टी. शिट्टीनंतर शेवटचे दोन शब्द तेवढे कळत होते, 'सवय झाली.' मी वहीत टिंबं दिली. पण मसुदा लिहायला बसले तेव्हा त्या टिंबांच्या जागी एक वाक्य आपसूक येऊन बसलं: 'दिवसभर साऱ्या गावांशी बोलणाऱ्या या बाईचं घरात एका माणसाशी बोलणं नव्हतं.' त्याच्या मागेपुढे मी आणखी दोन परिच्छेद रचले. अबोला, एका छपराखालची दोन माणसं, सवय. लिहून झाल्यावर मी ते मोठ्याने वाचलं. आपल्याला असं लिहिता येतं यावर माझा विश्वास बसेना.

मॅडमनी मसुद्यावर त्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि मला बोलावलं. "हे त्यांनी सांगितलं?"

मी हो म्हटलं.

"याच शब्दांत?"

"साधारण."

"फेरभेटीत हे नीट विचार," त्या म्हणाल्या आणि मसुदा परत दिला.

फेरभेट गुरुवारी ठरली होती. मी काकूंना फोन केला होता, त्यांनी या वेळी शंकरपाळे करून ठेवते म्हणून सांगितलं होतं. गुरुवारी दुपारी मी हॉस्टेलच्या पायऱ्यांपर्यंत गेले आणि परत आले. ऊन होतं, दोन बस बदलायच्या होत्या, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच विषयाची चाचणी होती. ही सगळी कारणं खरी होती. खरं कारण मात्र निराळं होतं, आणि तेव्हाही मला ते माहीत होतं. मी गेले असते तर काकूंनी ते वाक्य काढायला लावलं असतं. मी त्यांना मेसेज केला की ताप आला आहे. रविवारी त्यांचा फोन आला. ताप उतरला का, सुंठ घातलेला चहा घे, हॉस्टेलवर मिळत नसेल तर मुलाबरोबर काढा पाठवते. मी सांगितलं की आता बरं आहे, येईन नंतर.

मुदत बुधवारची होती. मंगळवारी मी फेरभेटीचं परिशिष्ट घरबसल्या लिहून काढलं. काकूंनी मसुदा शांतपणे ऐकला, असं त्यात होतं. एका गाडीची वेळ दुरुस्त करून दिली. माझ्या निरीक्षणाबद्दल समाधान व्यक्त केलं. गाडीची वेळ दुरुस्त केल्याचा तपशील मी मुद्दाम घातला होता, खरं वाटावं म्हणून.

निबंधाला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. मॅडम सहसा कौतुक करत नसत, पण त्यांनी त्यातली दीड पानं वर्गात वाचून दाखवली. ज्या मुली माझ्या बोलण्याला हसल्या होत्या त्यांतली एक म्हणाली, तुझी भाषा काय भारी आहे गं. त्या दिवशी मी घरी फोन करून आईला सगळं सांगितलं. निबंध कॉलेजच्या वार्षिक अंकात छापला गेला. तळाशी बारीक अक्षरात ओळ होती: 'लेखाचा मसुदा संबंधित बाईंना वाचून दाखवला असून त्यांनी समाधान व्यक्त केले आहे.' ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना अंक पाठवायची कॉलेजची पद्धत होती. मला ते ठाऊक नव्हतं.

पंधरा दिवसांनी काकूंचा फोन आला. "अंक मिळाला," त्या म्हणाल्या. "कागद चांगला वापरलाय. एकदा येऊन जा." आवाजात राग नव्हता. तरी मी तीन आठवडे गेले नाही. मग एका सकाळी, आणखी लांबवलं तर आपण कधीच जाणार नाही हे कळून, मी बसमध्ये बसले.

दार त्यांनीच उघडलं. "ये," त्या म्हणाल्या. "ताप उतरला का?"

चार महिने होऊन गेले होते. मी आत जाऊन बसले. त्यांनी अंक आणला, चष्मा लावला आणि ती तळाची ओळ त्या स्वच्छ आवाजात वाचली. मग विचारलं, "कधी?" त्यांनी पान उलटून माझ्या त्या वाक्यावर बोट ठेवलं.

"आणि हे मी कधी बोलले?"

मी सांगितलं, रेकॉर्डिंगमध्ये आहे, आमचं घरात बोलणं नव्हतंच, असं तुम्ही म्हणालात.

"पुढे?"

"पुढे कुकरची शिट्टी झाली."

"आमचं घरात बोलणं नव्हतंच, सगळं हातानं चालायचं, असं म्हणाले मी. त्यांना ऐकू येत नव्हतं. वीस वर्षं पत्रे ठोकून कान गेले त्यांचे. मग आमच्या खुणा ठरत गेल्या, पोरांनाही आल्या. सवय झाली." त्यांनी अंक मिटला. "शिट्टी झाली तर थांबायचं. परत विचारायचं. मी समोरच बसले होते."

मग त्यांनी सांगितलं की सुनेने मोठ्या हौसेने लेखाचा फोटो काढून नगरला नणंदेला पाठवला. लेकीचा लगेच फोन आला. आई, बाबांबद्दल तू परक्या मुलीला असं कसं सांगितलंस? काकू सांगत होत्या की मी असं काही म्हणालेच नाही. लेक म्हणत होती की खाली छापलंय, तू ऐकलंस, तुला पसंत पडलं. तेव्हापासून तिचे फोन भावाला येत होते, आईला नाही. जुन्या आगारातलीही दोघं-तिघं माणसं भेटल्यावर काहीतरी चाचरत विचारून गेली होती. "ते कधी एक दिवस माझ्याशी अबोला धरून बसले नाहीत," काकू म्हणाल्या. "आता हे कुणाकुणाला सांगत बसू?"

मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि लेकीचा नंबर कागदावर लिहून दिला. "तिला फोन कर. मला सांगायचं ते सांगून झालंय."

त्याच संध्याकाळी मी नगरला फोन केला. मी कोण ते आधी सांगितलं. मग सगळं क्रमाने सांगितलं, शिट्टी, टिंबं, न झालेली भेट. शेवटी त्या म्हणाल्या, "बाबा सुट्टी झाली की आईच्या केबिनबाहेर काचेपाशी उभे राहायचे. तिचे ओठ बघून कुठली गाडी ते ओळखायचे, आणि बरोबर आली की आम्हाला बोटानं दाखवायचे. आम्ही पोरं शेजारी असायचो. हे लिहायला हवं होतं तुम्ही." मग, आईशी बोलते, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे गेले. त्या उत्तरपत्रिका तपासत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "परिशिष्ट फार सुबक होतं," त्या म्हणाल्या. "खरी फेरभेट इतकी सुबक कधी होत नाही. माझ्या लक्षात यायला हवं होतं." मला वाटलं होतं त्या चिडतील. त्या थकलेल्या दिसल्या. त्यांनी माझे गुण रद्द करायचा अर्ज दिला, पण मला सांगितलं की त्याने त्या बाईंना काही मिळणार नाही. दुरुस्ती छापावी लागेल, आणि अंक वर्षातून एकदाच निघतो.

दुरुस्तीच्या चार ओळी मला सात वेळा लिहाव्या लागल्या. प्रत्येक वेळी माझ्याकडून काहीतरी स्पष्टीकरण आत शिरायचं. एकदा मॅडमनी कागदावर काट मारत म्हटलं, "कुकर काढ. चूक कुकरची नव्हती." शेवटी जे उरलं ते असं होतं: मागील अंकातील लेखात बाईंच्या कुटुंबाविषयी लिहिलेला मजकूर खरा नाही. तो त्यांनी सांगितलेला नव्हता, लेखिकेने रचला होता. त्यांच्या पतींना ऐकू येत नसे, दोघांचा संवाद खुणांनी होत असे. मसुदा त्यांना वाचून दाखवलेला नव्हता. शेवटच्या पानावर, खेळांच्या निकालांखाली ते छापून आलं.

अंक घेऊन मी पुन्हा विश्रांतवाडीला गेले. मधल्या काळात लेक येऊन आठ दिवस राहून गेली होती, एवढं मला सुनेकडून कळलं. काकूंनी चार ओळी वाचल्या. "बरं केलंस," त्या म्हणाल्या आणि दोन्ही अंक एकावर एक ठेवून कपाटात टाकले. चहा झाला. मी धीर करून विचारलं की आता मी ते नीट लिहू का, त्या खुणा कशा ठरल्या, मुलं कशी शिकली. या वेळी कितीही वेळा येईन, प्रत्येक ओळ वाचून दाखवीन. बोलता बोलता मी मोबाइल काढून टेबलावर ठेवला.

काकूंनी त्यावर अलगद हात ठेवला. "नको," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी तुला सगळं सांगितलं होतं बघ. त्यांच्यामागे पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते. आता पुन्हा सांगताना माझं लक्ष तुझ्या तोंडाकडेच राहील, हिला काय ऐकू येतंय म्हणून."

मी मोबाइल पिशवीत टाकला.

त्यानंतरची काही वर्षं मी अधूनमधून त्यांच्याकडे जात राहिले. त्यांनी मला कधी येऊ नको म्हटलं नाही. स्टँडवरच्या गमती सांगायच्या, माझ्या नोकरीची चौकशी करायच्या, माझ्या बोलण्यात एखादा गावाकडचा शब्द निसटला की हसून तोच परत म्हणायच्या. मालकांचा विषय मात्र निघाला नाही. एकदा आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो होतो आणि सुनेने आतून डोकावून, मिक्सर चालू असताना, काहीतरी विचारलं. काकूंनी न बोलता हात वर केला, तीन बोटं दाखवली आणि मनगट असं काहीसं फिरवलं की सून समजून आत गेली. मग त्यांच्या लक्षात आलं की मी बघते आहे. त्यांनी हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताने झाकून ठेवला. मी खिडकीकडे बघत नोकरीचं काहीतरी बोलत राहिले. त्या खुणेचा अर्थ काय, हे मी विचारलं नाही. तो विचारायचा माझा हक्क उरला नव्हता.